नागपूरच्या पलीकडचे जंगल आणि ते राखणारी गावे

आम्ही नागपूरकर मुसलमान आपल्या शहराची एक गोष्ट अभिमानाने सांगतो. हे शहर वसवले ते देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याने. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला आणि 1702 च्या सुमारास बारा लहान वाड्या एकत्र करून नागपूरची पायाभरणी केली. त्याच्यानंतर चाँद सुलतानने येथे राजधानी आणली, शहराला तट बांधला आणि जुम्मा तलाव करवून घेतला. आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो.

या गोष्टीचा अर्धा भाग मात्र आम्ही सहसा सांगत नाही. बख्त बुलंद शाह जन्माने गोंड होता. त्याचे लोक सातपुड्याच्या रानातले. दीन बदलल्यानंतरही या घराण्याने गोंडांशी असलेली सोयरीक तोडली नाही. म्हणजे ज्या शहरात आमच्या मशिदी, मदरसे आणि मोहल्ले उभे राहिले, त्या शहराची मुळे जंगलात आहेत. मुळेच कशाला, रोजचे जगणेही तिथूनच येते. लाकडगंजातल्या आरा मशीनवर कापले जाणारे सागवान, मोहल्ल्यातल्या बांबूच्या टोपल्या, कामठी आणि नागपूरच्या कितीतरी घरांत सुपात पडलेला तेंदूपत्ता आणि शेवटी कबरीत मातीखाली बसवल्या जाणाऱ्या लाकडी फळ्या, हे सारे कुठून तरी येते. ते कुठून येते आणि तिथली माणसे ते कसे राखतात, हे पाहण्यासाठी आम्ही घरच्या मंडळींसह चैत्राच्या उन्हात गडचिरोली आणि चंद्रपूरची वाट धरली.

फजरनंतर निघालो. उमरेड गेले, मिरचीसाठी नाव काढलेले भिवापूर गेले. नागभीडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तलाव दिसू लागले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. मालगुजारांच्या ताब्यातून ते सरकारकडे आले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी किंवा नुसते 'मामा तलाव' म्हणतात. यातले बरेच तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. तलाव बांधणाऱ्याला राजाकडून जमीन मिळे. कोहळ्यांना ठाऊक होते की वरच्या अंगाचे रान तुटले तर पावसाबरोबर माती वाहून येईल आणि तलाव गाळाने भरेल. म्हणून भात पिकवायचा असेल तर आधी जंगल राखायचे, हे इकडच्या शेतकऱ्याचे जुने शहाणपण.

ब्रह्मपुरीनंतर वैनगंगा ओलांडली की आरमोरी आणि मग गडचिरोली. हा जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झाला. जिल्ह्याचा सुमारे सत्तर टक्के भाग आजही जंगलाखाली आहे. मोहाची फुले गळण्याचा हंगाम होता. पहाटे फुले आपोआप खाली पडतात आणि बाया-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. झाडावर कोणी चढत नाही, फांदी कोणी तोडत नाही. वाळवलेली फुले घरात वर्षभर पुरतात, उरलेली बाजारात जातात. मोहाचे झाड शेताच्या मधोमध आले तरी गोंड शेतकरी ते तोडत नाही. नांगर वळवून नेतो.

रस्ता दाट झाडीतून जाऊ लागला तसा आमच्यातल्या लहानग्याने विचारले, "अब्बू, एवढ्या मोठ्या जंगलाला चौकीदार नाही का?" त्याचे उत्तर आम्हाला पुढच्या गावात मिळाले.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे सुमारे तीस किलोमीटरवर मेंढा हे शंभरेक घरांचे गोंड गाव आहे. शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून लोक त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. जवळून कठाणी नदी वाहते. गावात शिरताना वेगळे असे काही दिसत नाही. कौलारू घरे, स्वच्छ अंगणे, बांबूची कुंपणे, मधे सागाच्या लाकडाचे घोटुल. घोटुल म्हणजे गोंड तरुणांची एकत्र बसण्याची, शिकण्याची आणि गाव जपण्याची परंपरागत जागा. तरीही देशभरातून अभ्यासक या गावात येतात. कारण हे गाव आपल्या 1800 हेक्टर जंगलाची राखण स्वतः करते.

ही गोष्ट 1980 च्या दशकात सुरू झाली. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे होणार होती. त्यात आदिवासींची गावे आणि प्रचंड जंगल बुडणार होते. 1984 साली 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि लालश्याम शाह महाराज त्यात पुढे होते. धरणे थांबली. त्या चळवळीतून मेंढ्याच्या लोकांना एक प्रश्न मिळाला: धरणापासून जंगल वाचवले, पण आपल्याच कुऱ्हाडीपासून ते कोण वाचवणार?

गावाने याचे उत्तर बैठकीत शोधले. देवाजी तोफा हे गावातलेच कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सोबती यांच्या साथीने अभ्यासगट सुरू झाला. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, काय कमी झाले, यावर चर्चा होऊ लागली. निर्णय ग्रामसभेत होतो आणि ग्रामसभा म्हणजे गावातले सर्व प्रौढ, बाया आणि पुरुष. मतदान होत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत बोलायचे. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा आणि त्याचे म्हणणे पुन्हा ऐकायचे. गावात दारू बंद करण्याचा प्रश्न असो की जंगलातून काय आणायचे याचा, रीत हीच. मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकण्याचा नियमही त्यांनी असाच ठरवला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा आता सगळीकडे माहीत आहे.

हे ऐकताना आम्हाला आपल्या दीनमधला 'मशवरा' आठवला. मोमिनांची कामे आपसातल्या सल्लामसलतीने चालतात, असे कुरआनने सांगितले आहे. आमच्या मोहल्ल्याच्या किती कमिट्यांत बायांना बसवून, सर्वात गरीब माणसाचे म्हणणे ऐकून निर्णय होतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

2006 साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि 2008 पासून तो लागू झाला. पिढ्यान्‌पिढ्या जंगल वापरणाऱ्या आणि राखणाऱ्या गावाला त्या जंगलावर सामूहिक हक्क आहे, हे या कायद्याने मान्य केले. 2009 साली असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. तरी बांबूचा वाद उरलाच. वनखाते म्हणे, बांबू हे लाकूड, त्यावर हक्क आमचा. गाव म्हणे, कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, तो आमचा. वर्षानुवर्षे हा बांबू कागद गिरणीला सवलतीत जात होता आणि बांबूच्या रानात राहणारा माणूस टोपलीसाठी एक काठी तोडली तरी गुन्हेगार ठरत होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

हक्क मिळाल्यावर गावाने सारा बांबू एका वर्षात विकून टाकला असता तर कोणी अडवले नसते. पण त्यांनी तोडीला नियम लावले. कोवळ्या बांबूला हात लावायचा नाही, पावसाळ्यात तोड बंद, प्रत्येक बेटात पुढच्या वाढीसाठी काठ्या राखायच्या. लहानग्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. या जंगलाला गावातला प्रत्येक माणूस चौकीदार आहे.

अशी मर्यादा गोंड समाजाला नवी नाही. प्रत्येक कुळाचे आपले प्राणी आणि झाडे असतात. त्यांना त्या कुळाचा माणूस मारत नाही, तोडत नाही. कुळे अनेक, म्हणून रानातल्या बऱ्याच जीवांना कोणी ना कोणी राखणदार मिळतो. भामरागडकडचे माडिया लोक 'पंडुम' नावाचे सण पाळतात. आंब्याचा पंडुम होईपर्यंत नवा आंबा कोणी खायचा नाही. गाव एकत्र येऊन पहिले फळ अर्पण करते आणि मगच घरोघर तोड सुरू होते. वरवर पाहता हा केवळ विधी. पण त्यामुळे फळ पूर्ण पिकते, कोय तयार होते, पक्ष्यांचा आणि जमिनीचा वाटा राहतो आणि दांडगा माणूस आधी जाऊन झाड ओरबाडून आणू शकत नाही.

गडचिरोलीहून मूलमार्गे आम्ही चंद्रपूरला आलो. तिथून गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2012 साली या गावाला सुमारे 1000 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून गावातच मजुरी मिळू लागली आणि कामासाठी परमुलखात जाणाऱ्या तरुणांचे जाणे थांबले. या गावाने आपल्या जंगलातला सर्वात चांगला, झऱ्याकाठचा सुमारे 34 हेक्टरचा तुकडा देवासाठी राखून ठेवला. तिथे तोड नाही, शिकार नाही. जुन्या देवराया मोडत असल्याच्या काळात या लोकांनी नवी देवराई निर्माण केली. शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पाचगावचे हे काम वारंवार लोकांपुढे मांडले.

पाचगावचा दुसरा निर्णय आमच्या घरापर्यंत पोचणारा आहे. गावाने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. विदर्भातल्या लाखो मजुरांचा मे महिना त्यावर चालतो. पण कोवळी मोठी पाने मिळावीत म्हणून तेंदूची झुडपे छाटतात, रानाला आग लावतात, आणि छाटलेल्या तेंदूला फळ धरत नाही. शिवाय त्या पानाची विडी होते आणि ती माणसाच्या छातीत जाते. गावाने विचार केला: पान तोडण्यापेक्षा झाड वाढू द्यावे, त्याची गोड फळे मुलांनी खावीत, पाखरांनी खावीत, उरलेली विकावीत. हातात येणारा पैसा त्यांनी सोडला.

सगळ्याच गावांना हे परवडत नाही. 2013 पासून गडचिरोली आणि गोंदियातल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली आणि ठेकेदाराकडे जाणारा नफा तोडणाऱ्याच्या हाती येऊ लागला. त्यांचाही मार्ग चुकीचा म्हणता येत नाही. पण पाचगावचा निर्णय ऐकून आमच्या घरातल्या बाया काही वेळ गप्प झाल्या. कामठीतल्या आणि नागपूरच्या कितीतरी मुस्लिम घरांत दळण, शिक्षण, औषध आणि मुलीचे लग्न विडीवर झाले आहे. सूप मांडीवर घेऊन, मान वाकवून, हजारावर मजुरी ठरलेल्या त्या कामात कित्येकींची छाती जर्द्याच्या धुळीने भरली. एका टोकाला उन्हात पान तोडणारी गोंड बाई, दुसऱ्या टोकाला अंधाऱ्या खोलीत तेच पान वळणारी आमची बहीण. एकाच पानाने बांधलेल्या या दोघी एकमेकींना कधी भेटत नाहीत. दोघींना मिळते ते सर्वात कमी. पाचगावने पान सोडण्याआधी बांबूचा आधार उभा केला होता. आमच्या बहिणींना सुपापासून सोडवायचे असेल तर नुसता 'तंबाखू वाईट' असा उपदेश पुरणार नाही. आधी हाताला दुसरे काम द्यावे लागेल. झकात आणि बैतुलमालची व्यवस्था चालवणाऱ्यांनी शिवणयंत्र वाटण्यापलीकडे याचा विचार करायला हवा.

जंगल राखणाऱ्यांना किंमतही मोजावी लागते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही भागात वाघ वाढले. मोह वेचायला आणि तेंदू तोडायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात. आम्ही शहरातले लोक सफारीला जाऊन वाघाचे फोटो काढतो. त्या वाघाचे शेजारपण मात्र दुसऱ्यांच्या वाट्याला येते. तिकडे एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची मोठी खाण चालू आहे. तो डोंगर परिसरातल्या आदिवासींना ठाकूरदेवाचा म्हणून पवित्र आहे आणि तिथल्या ग्रामसभांनी खाणीला विरोध केला आहे. खाणीमुळे रोजगार मिळतो, हे खरे. पण डोंगर एकदा उतरवला की पुन्हा रचता येत नाही, हेही तितकेच खरे.

येथे काही वाचक विचारतील, झाडाला, डोंगराला देव मानणाऱ्यांकडून आपण काय शिकायचे? आपला सजदा फक्त अल्लाहसाठी आहे, यात तडजोड नाही. पण कुरआनच सांगते की तारे, डोंगर, झाडे आणि जनावरेही अल्लाहला सजदा करतात. मग झाड हे आमचे मालमत्तेचे सामान नसून आमच्याबरोबर त्याच रबची बंदगी करणारे आहे. फळ खावे, तोडणीच्या दिवशी त्यातला हक्कदारांचा वाटा द्यावा आणि उधळपट्टी करू नये, हाही कुरआनचा हुकूम आहे. माडियांचा पंडुम पाहताना आम्हाला तो आठवल्याशिवाय राहिला नाही.

राखीव रानाची कल्पनाही आमच्या इतिहासाला परकी नाही. मक्केच्या हरममध्ये झाड तोडणे आणि शिकार करणे मना आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या भोवतीही असा हरम ठरवला आणि नकी येथे कुरण राखून ठेवले. अशा राखीव कुरणाला 'हिमा' म्हणत. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या काळात रब्ज़ा येथे हिमा केला, तेव्हा राखणदाराला ताकीद दिली की थोड्या बकऱ्या-उंट असलेल्या गरिबाला आत येऊ दे. उस्मान (रजि.) आणि अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यासारख्या धनवान सहाबींचे कळप मात्र बाहेर ठेव, कारण त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे शेती आणि बागा आहेत, गरिबाकडे दुसरे काही नाही. जंगल कोणासाठी राखायचे, याचे इतके स्पष्ट उत्तर दुसरे कुठे मिळेल? कागद गिरणीला सवलत आणि टोपली विणणाऱ्याला दंड, ही व्यवस्था हजरत उमरांच्या तराजूत बसणारी नव्हती.

जगात दुसरीकडेही हेच दिसते. इंडोनेशिया हा जगातला सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचा देश. त्यातल्या बाली बेटावर बहुसंख्य लोक हिंदू आहेत. ईश्वर, माणूस आणि निसर्ग या तिघांशी मेळ राखला तरच सुख, असे ते मानतात. तिथल्या तेंगानान गावात ड्युरियन नावाचे महागडे फळ झाडावरून तोडायला मनाई आहे. जे पिकून खाली पडेल तेच उचलायचे. गावच्या लेखी नियमाविरुद्ध झाड तोडले तर दंड होतो. त्याच देशातल्या उलेमा परिषदेने 2014 साली वन्यजीवांची बेकायदा शिकार आणि व्यापार हराम असल्याचा फतवा दिला आणि 2016 साली जंगल जाळण्याविरुद्ध फतवा काढला. बालीचा शेतकरी आपल्या भाषेत बोलतो, उलेमा आपल्या भाषेत, माडिया आपल्या भाषेत. सगळ्यांचा मुद्दा एकच आहे. घेता येत असूनही न घेणे, आणि ते एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून ठरवून न घेणे. जंगल यानेच टिकते. नुसत्या भक्तीने टिकले असते तर इतक्या देवराया मोडल्या नसत्या. नुसत्या पहाऱ्याने टिकले असते तर वनखात्याच्या हद्दीत चोरीची कुऱ्हाड वाजली नसती.

आमच्या मोहल्ल्यांतून हे करता येईल का? सुरुवात लहान करावी. मशिदीच्या वजूचे पाणी गटारात जाते. ते अंगणातल्या किंवा रस्त्याकडेच्या झाडांना देता येईल. घर बांधताना लाकूड घेतले तर ते कायदेशीर मार्गाने आले आहे का, हे विचारता येईल. चोरीच्या लाकडाचे दार लावलेल्या घरात बरकत मागायची कशी? लग्नाच्या मंडपासाठी, दुकानासाठी बांबू आणि टोपल्या लागतात. त्या ग्रामसभांकडून किंवा विणणाऱ्या कुटुंबांकडून थेट घेता येतील. मदरशाच्या मुलांची सहल एखाद्या वर्षी मेंढ्याला नेता येईल, म्हणजे बैठकीत सर्वांची सहमती कशी घडते हे ती डोळ्यांनी पाहतील.

आणि आमची कब्रस्ताने. शहरात मोकळी आणि शांत उरलेली जमीन आता तीच आहे. कडुनिंब, चिंच, जांभूळ, मोह अशी आपल्या मातीतली झाडे तिथे लावता येतील. एका हदीसचा आशय असा की मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणूस, जनावर किंवा पाखरू जे कोणी खाईल, ते त्याच्यासाठी सदका ठरते. लावणारा मातीत गेल्यावरही हा सदका चालू राहतो. प्रत्येक मय्यतीसाठी आपण जंगलातल्या काही फळ्या घेतो. घरच्यांनी त्यांच्या बदल्यात एक रोप लावायचे आणि दोन उन्हाळे त्याला पाणी घालायचे, एवढा नियम एखाद्या मोहल्ल्याने एकमताने केला आणि पाळला तरी पुष्कळ आहे.